बुळकांडीचा माग

आपल्या देशात आज ज्या पशुवैद्यांचे वय चाळिशीच्या आत आहे, त्यांच्यापैकी एकानेही बुळकांडीने पडलेले जनावर आपल्या कारकिर्दीत पाहिलेले नाही. त्यांनी या रोगाचे वर्णन पाठ्यपुस्तकात वाचले, परीक्षेत लिहिले, आणि पुढे घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकत या नित्याच्या व्याधींच्या धबडग्यात ते मागे पडले. त्यांच्या आजोबांच्या पिढीतील कास्तकाराला मात्र अवर्षणाच्या खालोखाल धास्ती होती ती याच रोगाची, कारण अवर्षणात गुरे दूरच्या रानात किंवा सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी नेऊन जगविता येत, आणि बुळकांडीत ती नेण्यानेच रोग नव्या गावी जाऊन पोचत असे. हा रोग आता पृथ्वीच्या पाठीवर कोठेही उरलेला नाही. देवीच्या रोगानंतर मनुष्याने समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग, आणि पशुरोगांपैकी पहिलाच. त्याची हकीकत सांगताना लशीचा शोध लागला आणि रोग गेला, असे सांगून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ती मला फार अपुरी वाटते. उपयोगी पडेल अशी लस आपल्या देशात हाती आल्यापासून रोगाचा शेवटचा उद्रेक होईपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे लोटली. रोग दिसेनासा होणे आणि रोग नाहीसा होणे या दोन अवस्थांमध्ये केवढे अंतर आहे, हे त्या सत्तर वर्षांत पशुवैद्यक खात्याला पदोपदी शिकावे लागले. आणि पशुरोगांविषयीच्या संशोधनाचे खरे मोल मला त्या शिक्षणात दिसते.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. बुळकांडीचा विषाणू रोगी जनावराच्या श्वासातून, नाकडोळ्यांच्या स्रावातून आणि शेणामुतातून बाहेर पडे, आणि दावणीला शेजारी बांधलेल्या किंवा एकाच हाळावर पाणी पिणाऱ्या जनावराच्या शरीरात शिरे. काही दिवस काहीच दिसत नसे. मग एकाएकी ताप चढे, तो फॅरनहाइटच्या 105, 106 अंशांपर्यंत जाई. जनावर वैरणीला तोंड लावीनासे होई, रवंथ थांबे, नाकपुड्या कोरड्या पडत, डोळ्यांतून पाणी वाहू लागे व ते दोन दिवसांत चिकट, पुवासारखे होई. या सुमारास पशुवैद्याने जबडा उघडून पाहिले असता खालच्या हिरडीवर, ओठाच्या आतल्या बाजूस आणि जिभेखाली कोंडा भुरभुरावा तसा राखी पांढुरका थर दिसे; तो बोटाने पुसला की सहज निघून येई आणि त्याखाली लालभडक, सोललेली जागा उघडी पडे, आणि तोंडाला जी घाण येई ती एकदा आलेली माणूस जन्मभर विसरत नसे. त्यानंतर ढाळ सुरू होत, पाण्यासारखे, पुढे पुढे रक्तमिश्रित. ताप उतरे, पण हे उतरणे सुलक्षण नसे. शरीरातील पाणी निघून गेल्याने डोळे खोल जात, मागचा भाग बरबटलेला, पाठीला पोक आलेला, अशा अवस्थेत सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान बहुतेक जनावरे प्राण सोडीत. ज्या मुलखात हा रोग पूर्वी कधी शिरलाच नव्हता तेथे शेकडा ऐंशी-नव्वद गुरे मरत. आपल्या मैदानी मुलखातील देशी गुरांत ते प्रमाण बरेच कमी असे, पण म्हशी, पहाडी गुरे आणि विलायती वंशाची जनावरे यांची त्यातून सुटका क्वचितच होई.

हा विषाणू मनुष्याच्या गोवराच्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद आहे, कुत्र्यांतील डिस्टेंपर हा रोगही त्याच घराण्यातला. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, तसेच बुळकांडीतून वाचलेले जनावर जन्मभर सुरक्षित राही. शिवाय, बरे झालेले जनावर विषाणू अंगात बाळगून इतरांना रोग देत नसे. विषाणूच्या अनेक जाती नसल्याने एका प्रकारची लस सर्वत्र चाले. आणि उन्हात, वाळवणात तो थोड्याच काळात नष्ट होई. या गोष्टी एकत्र मांडल्या म्हणजे ध्यानात येते की, या रोगाला जगायचे तर सतत नवे, न टोचलेले, पूर्वी न आजारलेले जनावर मिळत राहणे त्याला भाग होते. ती साखळी कोठेही पूर्णपणे तुटली की त्या प्रदेशातून त्याचे उच्चाटन होणार, हे तत्त्वतः निश्चित होते. मात्र 'पूर्णपणे' या अटीतच सारी कठिणाई होती.

युरोपातील पशुवैद्यक शास्त्राचा जन्मच मुळी या रोगाच्या पोटी झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीत ही साथ आली तेव्हा पोपचे राजवैद्य लान्सिसी यांनी रोगी जनावरे मारून पुरावीत, गुरांची ने-आण बंद करावी, अशी कडक तजवीज सुचविली. आणि 1761 साली फ्रान्समधील लिआँ येथे जगातील पहिल्या पशुवैद्यक विद्यालयाला मंजुरी मिळाली, त्यामागेही गुरांच्या या महामारीचाच धाक होता. आफ्रिकेत तर तिने राज्येच्या राज्ये मोडली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या गुरांबरोबर रोग त्या खंडात शिरला, आणि दहा वर्षांच्या आत तो दक्षिणेच्या टोकापर्यंत पोचला; गुरांवर जगणाऱ्या जमाती अन्नावाचून मेल्या, इथिओपियातील दुष्काळात माणसांचीही अपरिमित हानी झाली. पुढे 1920 साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरविली गेली व तेथे बुळकांडी उद्भवली. त्या एका प्रसंगाने युरोपातील सरकारे इतकी हादरली की, 1924 च्या जानेवारीत 28 राष्ट्रांनी पॅरिस येथे एकत्र येऊन पशुरोगांची खबर परस्परांना देण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. आज जागतिक पशुस्वास्थ्य संघटना म्हणून ओळखली जाते ती हीच.

आपल्याकडे 1868 साली सरकारने गुरांच्या महामारीची चौकशी करण्यासाठी आयोग मुकर्रर केला आणि 1871 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे 1886 साली परळ येथे मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आणि 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 'इंपीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाची प्रयोगशाळा स्थापन झाली, डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. आज बरेली जवळच्या इज्जतनगर येथे जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे तिचे मूळ पुण्यात आहे, ही गोष्ट पुणेकरांच्याही फारशी स्मरणात नाही, याचे मला वाईट वाटते. अर्थात प्रयोगशाळा पुण्यात फार दिवस राहणे शक्यच नव्हते. गुरांच्या सर्वांत सांसर्गिक रोगाचे बीज जिवंत राखून त्यावर प्रयोग करावयाचे, आणि भोवती तर दाट वस्ती व गावोगावची गुरे. म्हणून 1893 साली ती कुमाऊंच्या डोंगरात, नैनीताल जवळच्या मुक्तेश्वर येथे, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील अरण्यात हलविण्यात आली. देवदार आणि ओक वृक्षांचे रान, हिवाळ्यात बर्फ, रेल्वेचे स्थानक कोसो दूर. अशा जागी सामानसुमान, यंत्रे, काचपात्रे आणि प्रयोगासाठी लागणारे पहाडी बैल जमवून त्या मंडळींनी जे काम उभे केले, त्याची कल्पनाही आज करणे कठीण आहे. 1897 साली मुंबईतील प्लेगच्या अभ्यासासाठी आलेले रॉबर्ट कॉख हे पुढे मुक्तेश्वरलाही जाऊन आले. त्याच्या थोडे आधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्ले येथे त्यांनी या रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचण्याची पद्धत बसविली होती. ती पद्धत टिकली नाही. जनावर वाचविण्यासाठी जनावर मारावे लागे, आणि खुद्द टोचणीनेच रोग होण्याची धास्ती असे. विषाणू सूक्ष्मदर्शकात दिसण्याचा तो काळ नव्हता. अतिसूक्ष्म गाळणीतूनही रोगबीज पार होते, हे 1902 साली तुर्कस्तानात निकोल आणि आदिल बे यांनी सिद्ध केले.

त्यानंतरची पंचवीस वर्षे रक्तजलाची, म्हणजे ज्याला दवाखान्यात सीरम म्हणत त्याची, होत. रोगातून बऱ्या झालेल्या जनावराला विषाणूची मोठी मात्रा पुन्हा देऊन त्याचे रक्तजल काढीत व ते निरोगी गुरांना टोचीत. त्याने मिळणारे संरक्षण काही आठवडेच टिके. कायमची प्रतिकारशक्ती हवी असेल तर एका बाजूस रक्तजल व दुसऱ्या बाजूस रोगी बैलाचे जिवंत विषाणू असलेले रक्त, अशी दुहेरी टोचणी करावी लागे. ती परिणामकारक होती, पण खर्चाची आणि जोखमीची, आणि तिच्यात एक लपलेला दोष होता: ज्या बैलाचे रक्त वापरले जाई त्याच्या रक्तात गोचिडांमुळे शिरलेले परजीवीही असत, आणि विषाणूबरोबर तेही टोचले जाऊन जनावर बुळकांडीऐवजी दुसऱ्याच तापाने दगावे.

येथून मुक्तेश्वरच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण सुरू होते. संस्थेचे तेव्हाचे संचालक जे. टी. एडवर्ड्‌स यांनी विचार केला की, बैलांच्या रक्तातील हे परजीवी शेळीच्या शरीरात वाढत नाहीत. तेव्हा विषाणू शेळीला टोचावा, तिच्या रक्तातून तो दुसऱ्या शेळीला द्यावा, आणि असा शेळ्यांतून फिरवून तो परजीवींपासून शुद्ध करून घ्यावा. हेतू एवढाच होता. पण एकामागून एक शेकडो शेळ्यांतून फिरल्यावर विषाणूचा स्वभावच पालटला. तो शेळ्यांच्या शरीराला सरावला, आणि तोच पुन्हा बैलाला टोचला असता बैलाला थोडा ताप येई, चार दिवस तो मलूल राही, आणि मग आयुष्यभर बुळकांडी त्याच्या वाटेस जात नसे. 1927 च्या सुमारास हा पालट स्पष्ट झाला. एका अडचणीचे निवारण करता करता दुसरेच, कितीतरी मोठे फळ हाती यावे, असे योग शास्त्राच्या इतिहासात येतात. परंतु ते ओळखण्यासाठी प्रत्येक शेळीची आणि प्रत्येक बैलाची नोंद नेटकेपणाने ठेवणारी शिस्त अगोदर असावी लागते, आणि ती मुक्तेश्वरला होती. खुद्द संशोधकांना देखील रक्तजलाच्या आधाराशिवाय हा विषाणू टोचण्याचा धीर आरंभी होईना. तो धीर क्षेत्रात काम करणाऱ्या पशुवैद्यांनी दाखविला; आपला विदर्भ ज्यात मोडत होता त्या मध्यप्रांतात आर. एफ. स्टर्लिंग यांनी मैदानी गुरांना नुसता शेळीतून काढलेला विषाणू टोचून 1932 साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. रक्तजल गळाले, खर्च एकदम घटला, आणि लाखो गुरांना टोचणे प्रथमच सरकारी तिजोरीच्या आवाक्यात आले.

स्वातंत्र्यानंतर 1954 साली बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. शेकडा ऐंशी गोवंशाला पाच वर्षांत टोचावे आणि पुढे नव्याने जन्मणाऱ्या वासरांची भर त्यात घालीत जावी, असा तिचा आराखडा होता. वाळविलेल्या लशीची कुपी, बर्फाची पेटी आणि सुई घेऊन खात्याची माणसे बैलगाडीने, सायकलीने, पायी गावोगाव हिंडली. आणि त्यांच्या श्रमाचे फळही विलक्षण होते, कारण दहा वर्षांच्या आत साथींची संख्या पूर्वीच्या अल्पांशावर आली. पण तेथेच गाडे अडले. ती शून्यावर काही केल्या येईना. पुढची जवळजवळ तीस वर्षे दरवर्षी टोचणीचे आकडे भरत राहिले, दप्तरात उद्दिष्ट साध्य झाल्याचे अहवाल जात राहिले, आणि दक्षिणेच्या द्वीपकल्पात रोग कोठे ना कोठे धुमसत राहिला.

याची कारणे शोधणे हेही संशोधनच होते, आणि प्रयोगशाळेतल्या संशोधनापेक्षा ते कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. शेकडा ऐंशी हा आकडा जिल्ह्याच्या गोषवाऱ्यात बरोबर असला तरी ते ऐंशी कोणते, हे त्यातून कळत नसे. जो बैल रस्त्यालगतच्या गावात दावणीला बांधलेला आहे, त्याला दरसाल टोचले जाई, वास्तविक एकदा टोचल्यावर त्याला पुन्हा गरज नव्हती. आणि जो कळप रानातून रानात फिरतो, जे जनावर बाजारातून बाजारात विकले जाते, ते सुटून जाई. गायीच्या चिकातून वासराला मिळालेली प्रतिद्रव्ये काही महिने त्याच्या रक्तात असतात, तेवढ्या काळात दिलेली लस ती निष्फळ करतात. म्हणजे कोवळ्या वासराला टोचून नोंद तर झाली, पण वासरू उघडेच राहिले. अशा सुटलेल्या जनावरांच्या आश्रयाने विषाणू शांतपणे जगत होता, आणि सभोवार टोचणी झालेली असल्याने त्याची साथ मोठी भडकत नसे, म्हणून तो दिसतही नसे. याचा एक फार दुःखद दाखला श्रीलंकेचा. ते बेट 1946 पासून या रोगापासून मुक्त होते. 1987 साली तेथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या शिध्यासाठी भारतातून जिवंत शेळ्यामेंढ्या रवाना झाल्या, त्यांच्याबरोबर विषाणू गेला, आणि चाळीस वर्षे निर्धास्त असलेल्या, न टोचलेल्या तेथील गुरांत आणि म्हशींत त्याने कहर केला.

1992 साली युरोपीय समुदायाच्या साहाय्याने नवा प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यात कामाची दिशाच फिरविली. सरसकट टोचत राहण्याऐवजी रोगाचा माग काढावयाचा: गावागावांत जाऊन तोंडात चट्टे आणि ढाळ असलेले एकही जनावर दिसले तर त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावयाचा, गुरांचे बाजार आणि ने-आणीचे मार्ग तपासावयाचे, आणि जेथे विषाणू सापडेल तेथेच सर्व बळ लावावयाचे. दरम्यान लसही बदलली होती. वॉल्टर प्लौराइट यांनी केनियातील मुगुगा येथे वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू नव्वदेक वेळा वाढवून जी लस सिद्ध केली, ती म्हशीला, विलायती गायीला, गाभण जनावराला, कोणालाही निर्भयपणे देता येई. 1995 साली तमिळनाडूत या रोगाचा एक उद्रेक झाला. भारतातला तो अखेरचा.

मग सर्वांत अवघड निर्णय आला: टोचणी बंद करण्याचा. लसीने निर्माण झालेली प्रतिद्रव्ये आणि रोगाने निर्माण झालेली प्रतिद्रव्ये रक्तचाचणीत एकसारखीच दिसतात. टोचणी चालू आहे तोवर विषाणू खरोखर गेला आहे की लसीच्या आड दडला आहे, हे कोणत्याही चाचणीने सांगता येत नाही. टोचणी थांबविली तर त्यानंतर जन्मलेल्या, वर्ष उलटून चिकाचा अंमल संपलेल्या जनावरांच्या रक्तात प्रतिद्रव्ये मुळीच सापडू नयेत. सापडली तर विषाणू कोठेतरी फिरतो आहे असे समजावे. म्हणजे देशाची कोट्यवधी गुरे जाणूनबुजून उघडी टाकावयाची आणि त्यांच्या रक्तातून साक्ष घ्यावयाची. चाळीस वर्षे ज्या खात्याने टोचणी हेच आपले कर्तव्य मानले, त्याच्या अधिकाऱ्यांना हा हुकूम काढताना काय वाटले असेल? पण त्यांनी तो काढला, टप्प्याटप्प्याने अंमलात आणला आणि वर्षानुवर्षे हजारो नमुने तपासले. 2004 साली भारत बुळकांडीच्या रोगापासून, आणि 2006 साली संसर्गापासूनही मुक्त असल्याचा दाखला पॅरिसहून मिळाला.

जगातील शेवटच्या काही आश्रयस्थानांचा शोध आफ्रिकेत चालू होता. तेथील रखरखीत मुलखात बर्फाची पेटी पोचत नसे, म्हणून जेफ्री मरिनर यांनी उष्णतेत महिनाभर टिकेल असे लशीचे रूप सिद्ध केले. आणि सरकारी पशुवैद्य जेथे जात नसे तेथे गुराख्यांनाच टोचणी शिकविली. या लोकांना रोगाची लक्षणे, कोणत्या वर्षी कोणत्या पाणवठ्यावर तो आला होता, कोणाच्या कळपातून आला, हे सारे मुखोद्गत होते, आणि संशोधकांनी तो ऐवज शास्त्रीय पुरावा म्हणून आदराने लिहून घेतला. 2001 साली केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानातील रानटी म्हशींत या रोगाचे ज्ञात असे शेवटचे दर्शन झाले. दहा वर्षे आणखी पाळत ठेवून 25 मे 2011 रोजी जागतिक पशुस्वास्थ्य संघटनेने, व त्यामागोमाग जूनमध्ये अन्न व कृषी संघटनेने, बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले.

आता त्याच घराण्यातील दुसऱ्या एका विषाणूचा प्रश्न समोर आहे, तो शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर या रोगाचा. तोच ताप, तेच तोंडातले चट्टे, तेच ढाळ, आणि जोडीला न्यूमोनिया. दक्षिणेत शेळ्यामेंढ्यांत जी बुळकांडी म्हणून नोंदली जाई तिच्यापैकी काही वस्तुतः हा रोग होता, हे 1987 साली तमिळनाडूतील नमुन्यांवरून कळले. मुक्तेश्वर येथेच त्याची लस तयार झाली आहे, तीही एका टोचणीत दीर्घकाळ संरक्षण देणारी आहे, आणि 2030 पर्यंत या रोगाचे जगातून निर्मूलन करण्याचा संकल्प दोन्ही आंतरराष्ट्रीय संघटनांनी केला आहे. परंतु शेळी लवकर विते, दोन-दोन करडे देते, आणि कळप वर्षा-दोन वर्षांत पालटून जातो. आज टोचलेल्या वाडग्यात पुढच्या वर्षी निम्मी जनावरे न टोचलेली असतात. त्यात आपल्याकडे धनगरांचे वाडे पावसाळा सरल्यावर देशावरून कोकणात उतरतात आणि मृगाच्या आत परततात, म्हणजे तालुक्याच्या वेळापत्रकाप्रमाणे टोचणीची तारीख येते तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच जिल्ह्याच्या हद्दीत असतात. त्यांच्या वाटा, मुक्काम आणि कोकरांच्या जन्माचे महिने त्यांना विचारून, त्या हिशेबाने घाटाच्या दोन्ही बाजूंच्या दवाखान्यांनी टोचणीची वेळ एकत्र ठरविली पाहिजे. वाडा घाट उतरण्यापूर्वी तीन-चार महिन्यांची झालेली कोकरे टोचून झाली नसतील, तर जिल्ह्याच्या गोषवाऱ्यातला आकडा कितीही भरला तरी विषाणूला आसरा उरतोच.